आधी पोटॅशियम की आधी बायकार्बोनेट? दूरस्थ मूत्रनलिकेच्या दोषाचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मराठवाड्यातील एका गावात शेतमजुरी करणारी, दोन मुलांची आई असलेली चौतीस वर्षांची स्त्री हातापायांतील ताकद गेल्यामुळे रात्री उशिरा एका शिक्षण-रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत आणली गेली. तिची ओळख पटू नये म्हणून वय, ठिकाण आणि घरचे काही तपशील येथे बदलले आहेत. आदल्या दिवशी खुरपणी करताना उकिडवे बसल्यावर तिला उठता येईना आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणात कूस बदलणेही अवघड झाले. तालुक्याच्या ठिकाणी अशक्तपणा समजून तिला डीएनएसच्या, म्हणजे ग्लुकोज आणि मीठ एकत्र असलेल्या सलाईनच्या, दोन बाटल्या लावण्यात आल्या. त्यानंतर काही तासांतच पायांपुरता असलेला लुळेपणा हातांत आणि मानेत चढला.

नवऱ्याने सोबत आणलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत मागच्या सहा वर्षांचे कागद होते, आणि या प्रकरणातील बरेचसे उत्तर त्या पिशवीतच होते. दोन वेळा मुतखड्याचा त्रास झालेला होता, त्यांपैकी एकदा खडा दुर्बिणीने काढलेला होता. अशाच लुळेपणाचे दोन प्रसंग आधी येऊन गेले होते आणि दोन्ही वेळा पोटॅशियम कमी असल्याचे सापडून, सलाईन आणि काही दिवसांचे पोटॅशियमचे सिरप देऊन तिला घरी पाठवण्यात आले होते. डिस्चार्ज कार्डावर ‘हायपोकॅलेमिक पिरिऑडिक पॅरालिसिस’, म्हणजे रक्तातील पोटॅशियम घटून अधूनमधून येणारा लुळेपणा, असे निदान लिहिलेले होते. कंबर आणि मांड्यांच्या हाडांत सतत दुखते म्हणून तिला कॅल्शियमच्या गोळ्या आणि ड जीवनसत्त्वाची इंजेक्शने मिळालेली होती.

कुटुंबात कोणाला असा लुळेपणा झालेला नव्हता. जुलाब, उलट्या, रेचक औषधे किंवा भस्मे घेतल्याचा इतिहास नव्हता. आणखी दोन गोष्टी मात्र विचारल्यावरच पुढे आल्या: पाण्याच्या घोटाशिवाय तिला भाकरी गिळता येत नव्हती, आणि डोळ्यांत कचरा गेल्यासारखे वर्षानुवर्षे टोचत होते. दातांची अवस्था वयाच्या मानाने फारच वाईट होती. या तक्रारी तिने आजवर कोणत्याही डॉक्टरला सांगितल्या नव्हत्या, कारण लुळेपणाशी त्यांचा काही संबंध असेल असे तिला वाटण्याचे कारणच नव्हते.

समस्या

तपासणीत रक्तदाब १०४/७० आणि नाडी मिनिटाला ९२ होती. श्वास मिनिटाला २६ वेळा, पण उथळ चालला होता. मांड्यांची ताकद पाचपैकी दोन, दंडांची तीन, मान उशीवरून जेमतेम उचलली जात होती. गुडघ्याचे प्रतिक्षेप मंद होते, संवेदना पूर्ण शाबूत होत्या. एका श्वासात आकडे मोजायला सांगितल्यावर ती चौदापर्यंत पोहोचत होती. ईसीजीत टी लहरी सपाट झालेल्या आणि यू लहरी ठळक होत्या; ही पोटॅशियम घटल्याची खूण.

रक्ताचे आकडे असे होते: सोडियम १३९, पोटॅशियम १.६, क्लोराइड ११७ आणि बायकार्बोनेट ११ मिलीमोल प्रति लिटर, क्रिएटिनिन १.१ मिलिग्रॅम. धमनीतील रक्ताचा पीएच ७.१५ आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब ३३ मिलिमीटर होता. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेटची बेरीज वजा केली की उरते ११. म्हणजे ॲनायन गॅप प्राकृत होती. लॅक्टिक आम्ल, कीटोन किंवा एखादे विष रक्तात साठून ही आम्लता आलेली नव्हती. आम्लाला निष्प्रभ करणारे बायकार्बोनेट गेले होते आणि त्याच्या जागी क्लोराइड आले होते.

या अहवालात सर्वांत घातक आकडा कोणता, यावर पहिल्या अर्ध्या तासात कॅज्युअल्टीत चर्चा झाली. निवासी डॉक्टरांचे लक्ष स्वाभाविकपणे ७.१५ या पीएचकडे गेले. कार्बन डायऑक्साइडचा ३३ हा आकडा प्राकृत मर्यादेच्या किंचितच खाली असल्याने निरुपद्रवी वाटत होता, पण तो तसा नव्हता. बायकार्बोनेट ११ असताना शरीर जोरजोराने श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड किती खाली आणू शकते, याचा ढोबळ नियम असा की बायकार्बोनेटची दीडपट करून त्यात ८ मिळवावेत आणि दोनने मागेपुढे धरावे. तसे केल्यास २४ ते २५ हा आकडा येतो. प्रत्यक्षात तो ३३ असणे याचा अर्थ पोटॅशियम घटल्याने हातापायांसारखेच श्वासाचे स्नायूही थकू लागले होते. फुप्फुसांनी आपले काम नीट केले असते, तर याच बायकार्बोनेटवर तिचा पीएच ७.२७ च्या आसपास राहिला असता. तिच्या पीएचमधील घसरणीचा मोठा भाग अशा प्रकारे पोटॅशियमच्या अभावाने आलेला होता, आणि उपचारांचा क्रम ठरवताना हीच गोष्ट निर्णायक ठरली.

बायकार्बोनेटचा हिशेब: नलिका नेमके काय करते

पुढचे निर्णय समजण्यासाठी मूत्रपिंडाच्या नलिकेत बायकार्बोनेटचे काय होते ते थोडे सविस्तर पाहणे आवश्यक आहे, कारण या आजारात गल्लत होते ती इथेच.

प्रौढ माणसाच्या दोन्ही मूत्रपिंडांतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्याच्या प्रत्येक लिटरमध्ये २४ मिलीमोल बायकार्बोनेट धरले तर रोज सुमारे ४,३०० मिलीमोल बायकार्बोनेट नलिकेत उतरते. खाण्याच्या सोड्याच्या हिशेबात हे वजन साडेतीनशे ग्रॅमच्या वर जाते. ते लघवीतून जाऊ दिले तर माणूस एक दिवसही तग धरणार नाही. त्यामुळे नलिकेचे पहिले काम म्हणजे गाळलेले सगळे बायकार्बोनेट परत मिळवणे. यातील सुमारे ८० ते ८५ टक्के काम समीपस्थ नलिका, म्हणजे नलिकेचा सुरुवातीचा भाग, करते, उरलेल्यातला बराचसा भाग मधल्या हेन्लेच्या वळशाच्या जाड चढत्या भागात परत घेतला जातो आणि शेवटचा थोडा वाटा टोकाकडच्या दूरस्थ आणि संग्राहक नलिकेच्या वाट्याला येतो.

बायकार्बोनेटचा आयन नलिकेच्या पोकळीतून पेशीत जसाच्या तसा शिरत नाही. समीपस्थ नलिकेची पेशी एनएचई-३ या वाहक प्रथिनाद्वारे सोडियम आत घेते आणि त्याच्या बदल्यात हायड्रोजन आयन पोकळीत सोडते. हा हायड्रोजन आयन तिथल्या बायकार्बोनेटशी जुळून कार्बॉनिक आम्ल होते. पेशीच्या पृष्ठभागावरील कार्बॉनिक ॲनहायड्रेज हे विकर त्याचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करून टाकते. कार्बन डायऑक्साइड सहज पेशीत झिरपतो, आत त्याच विकराच्या दुसऱ्या रूपाच्या मदतीने पुन्हा हायड्रोजन आयन आणि बायकार्बोनेट तयार होते, आणि हे बायकार्बोनेट रक्ताच्या बाजूच्या पडद्यातून एनबीसीई-१ या वाहकाद्वारे सोडियमसोबत बाहेर पडते. पोकळीत एक बायकार्बोनेट नाहीसे होते आणि रक्तात दुसरे एक उगवते; हिशेब मात्र एकास एक राहतो.

परंतु एवढ्याने आम्ल-आम्लारी समतोल राखला जात नाही. आहारातील प्रथिनांच्या चयापचयातून रोज शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे १ मिलीमोल श्वासातून न उडून जाणारे आम्ल तयार होते. ४६ किलो वजनाच्या या स्त्रीत ते दिवसाला ४५ ते ५० मिलीमोल भरेल. या आम्लाला निष्प्रभ करताना तेवढे बायकार्बोनेट खर्ची पडते आणि ते नव्याने बनवावे लागते. गाळलेले बायकार्बोनेट परत मिळवणे म्हणजे उसनवार दिलेले मुद्दल वसूल करणे. रोजच्या खर्चासाठी नवी कमाई वेगळीच करावी लागते.

ही कमाई संग्राहक नलिकेतील अल्फा इंटरकॅलेटेड पेशी करतात. त्या पेशींत हायड्रोजन आयन पोकळीत ढकलणारा एटीपीवर चालणारा पंप असतो, सोबत हायड्रोजन सोडून पोटॅशियम आत घेणारा दुसरा पंप असतो, आणि पेशीत मागे उरलेले बायकार्बोनेट एई-१ या वाहकाद्वारे क्लोराइडच्या बदल्यात रक्तात जाते. या पंपाच्या बळावर लघवीचा पीएच ४.५ पर्यंत उतरू शकतो, म्हणजे पोकळीतील हायड्रोजन आयनांची संहती रक्ताच्या सुमारे आठशे पट होते. तरीही मोकळ्या हायड्रोजन आयनांच्या रूपात दर लिटरला फक्त ०.०३ मिलीमोल आम्ल बाहेर जाते. ५० मिलीमोलच्या मानाने हे काहीच नाही. बाकीचे सगळे आम्ल फॉस्फेटवर आणि अमोनियावर चढून बाहेर जाते. अमोनिया बनतो समीपस्थ नलिकेत ग्लुटामिनपासून. तो संग्राहक नलिकेच्या पोकळीत येतो आणि तिथे हायड्रोजन आयन मिळाला की अमोनियम होऊन अडकून पडतो. पंप थांबला तर अमोनिया असूनही अमोनियम होत नाही, आणि जितके आम्ल बाहेर पडत नाही तितके नवे बायकार्बोनेट तयार होत नाही.

दोष कुठे आहे यावर आजाराचे रूप ठरते. समीपस्थ नलिका बिघडली तर बायकार्बोनेट लघवीत वाहून जाते, पण रक्तातील पातळी साधारण १२ ते २० च्या दरम्यान कुठेतरी उतरली की गाळले जाणारे प्रमाणच कमी होते, तेवढे सांभाळणे नलिकेला जमते आणि घसरण थांबते. त्या अवस्थेत दूरस्थ नलिका शाबूत असल्याने लघवी आम्लही होऊ शकते. दूरस्थ नलिका बिघडली (या आजाराला डिस्टल रीनल ट्यूब्युलर ॲसिडोसिस म्हणतात) तर असा थांबा नसतो. दररोजची तूट साचत जाते, हाडांतील क्षार आम्ल शोषण्यासाठी झिजू लागतात, त्यातून सुटलेले कॅल्शियम लघवीत उतरते. आम्लतेमुळे समीपस्थ नलिका लघवीतील सायट्रेट खेचून घेते, आणि सायट्रेट हेच कॅल्शियमला विरघळलेले ठेवणारे द्रव्य असल्याने अल्कधर्मी लघवीत कॅल्शियम फॉस्फेटचे खडे बनतात. हाडदुखी, मुतखडे आणि लुळेपणा ही तिच्या पिशवीतील तीन वेगवेगळी निदाने वस्तुतः एकाच पंपाच्या बिघाडाची होती.

पोटॅशियम का घटते हेही येथेच उमगते. संग्राहक नलिकेत सोडियम आत घेतले जाते तेव्हा पोकळीतील ऋण भार भरून काढण्यासाठी हायड्रोजन किंवा पोटॅशियम बाहेर जावे लागते. हायड्रोजनची वाट बंद झाली की पोटॅशियमवर भार पडतो. सोडियमही काही प्रमाणात गळत असल्याने ते राखून धरणारे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढते आणि ही गळती आणखी वाढते.

निदानाची वाट

ताज्या लघवीचा नमुना तिसऱ्या तासाला मिळाला. तो पट्टीवर न मोजता पीएच मीटरवर लगेच मोजण्यात आला, कारण उघड्या भांड्यात राहिलेल्या लघवीतून कार्बन डायऑक्साइड उडून पीएच वाढतो. आकडा आला ६.८. रक्ताचा पीएच ७.१५ असताना निरोगी मूत्रपिंडाने लघवीचा पीएच ५.५ च्या खाली नेणे अपेक्षित असते. युरिया फोडणाऱ्या जंतूंच्या संसर्गातही लघवी अल्कधर्मी होते, म्हणून कल्चर पाठवले. त्यात पुढे काही वाढले नाही.

केवळ पीएचवर थांबणे मात्र योग्य नव्हते. दीर्घकाळ जुलाब होणाऱ्या किंवा लपून रेचके घेणाऱ्या माणसातही बायकार्बोनेट आणि पोटॅशियम दोन्ही घटतात, पोटॅशियमच्या अभावाने अमोनियाची निर्मिती वाढते, आणि तो अमोनिया हायड्रोजन आयन शोषून घेतो म्हणून निरोगी मूत्रपिंडाच्या लघवीचा पीएचही ६ च्या आसपास जाऊ शकतो. फरक दिसतो तो अमोनियममध्ये. अमोनियम थेट मोजण्याची सोय बहुतेक प्रयोगशाळांत नसते. त्याऐवजी लघवीतील सोडियम आणि पोटॅशियमच्या बेरजेतून क्लोराइड वजा करतात. लघवीत भरपूर अमोनियम असेल तर त्याच्यासोबत जाणाऱ्या क्लोराइडमुळे उत्तर ऋण येते. तिच्या लघवीत सोडियम ४८, पोटॅशियम ३४ आणि क्लोराइड ५२ होते, म्हणजे उत्तर अधिक ३०. अमोनियम बाहेर पडतच नव्हते. रक्तात पोटॅशियम १.६ असताना लघवीत ३४ मिलीमोल जाणे, आणि क्रिएटिनिनच्या दर ग्रॅममागे हे प्रमाण ५० च्या वर भरणे, यावरून गळती मूत्रपिंडातूनच होत असल्याचेही ठरले. जिथे पोटॅशियम केवळ पेशींत सरकते त्या थायरॉइडच्या किंवा आनुवंशिक पिरिऑडिक पॅरालिसिसमध्ये लघवीतून पोटॅशियम इतके जात नाही आणि रक्तात अशी आम्लताही नसते. डिस्चार्ज कार्डावरचे जुने निदान या दोन आकड्यांपुढे टिकणारे नव्हते.

लघवीत ग्लुकोज नव्हते, त्यामुळे समीपस्थ नलिकेच्या व्यापक बिघाडाची शक्यता मागे पडली. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडांच्या गाभ्यात कॅल्शियमचे कण पसरलेले दिसले. एकूण प्रथिने ९.१ ग्रॅम आणि अल्ब्युमिन ३.६ ग्रॅम होते. उरलेले साडेपाच ग्रॅम ग्लोब्युलिन पाहून आणि कोरड्या तोंडाची तक्रार आठवून शोग्रेन सिंड्रोमचा संशय पहिल्याच रात्री नोंदवला गेला. अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर लिम्फोसाइट पेशी हल्ला करतात असा हा स्वयंप्रतिकार आजार आहे. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने १९३३ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. मूत्रपिंडात तो नलिकांभोवतीच्या ऊतीत शिरतो, आणि अशा काही रुग्णांच्या बायोप्सीत अल्फा पेशींमधील हायड्रोजनचा पंप मुळीच आढळत नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता बायकार्बोनेट लगेच शिरेतून देण्याचा. पीएच ७.१५ पाहून हात त्याच औषधाकडे जातो, आणि तूट काढण्याचे सूत्रही सर्वांना पाठ असते. पण बायकार्बोनेट दिल्यावर पेशींतील हायड्रोजन बाहेर येतो आणि पोटॅशियम आत सरकते. १.६ वरचे पोटॅशियम आणखी खाली गेले असते तर श्वास थांबण्याची किंवा हृदयाची लय बिघडण्याची शक्यता खरी होती. याहून एक सूक्ष्म मुद्दा असा की आम्लता पोटॅशियमला पेशींबाहेर ढकलते, त्यामुळे १.६ हा आकडासुद्धा शरीरातील खरी तूट कमी करून दाखवत होता.

दुसरा पर्याय होता नळी घालून व्हेंटिलेटरवर घेण्याचा. श्वासाचे स्नायू थकत असताना तो चुकीचा म्हणता आला नसता. मात्र त्यात एक धोका होता: व्हेंटिलेटर नेहमीच्या मापावर लावून कार्बन डायऑक्साइड ४० वर नेला असता तर याच बायकार्बोनेटवर पीएच ७.०६ पर्यंत उतरला असता. उलट यंत्राने फार वेगाने श्वास दिले असते तर आम्लता झपाट्याने कमी होऊन पोटॅशियम पेशींत गेले असते.

तिसरा पर्याय होता पोटॅशियम आधी देण्याचा: बायकार्बोनेट रोखून धरायचे, अतिदक्षता विभागात श्वासावर नजर ठेवायची आणि कोणत्या टप्प्यावर नळी घालायची हे आधीच लिहून ठेवायचे. हा मार्ग निवडला गेला. एका श्वासातील मोजणी दहाच्या खाली गेली किंवा कार्बन डायऑक्साइड ४० च्या वर चढला तर नळी घालायची, आणि पीएच ७.१० च्या खाली गेला तर थोड्या बायकार्बोनेटचा पुन्हा विचार करायचा, असे केसपेपरवर स्पष्ट नोंदवले. अशा मर्यादा आधी ठरलेल्या असणे माझ्या मते फार महत्त्वाचे आहे, कारण पहाटे तीन वाजता थकलेल्या माणसाला प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागू नये.

केलेली कृती

डीएनएस बंद करण्यात आले. ग्लुकोजमुळे इन्सुलिन स्रवते आणि इन्सुलिन पोटॅशियमला पेशींत ढकलते. सकाळी दोन बाटल्यांनंतर लुळेपणा का वाढला, याचे सर्वांत संभाव्य स्पष्टीकरण हेच आहे. पोटॅशियम क्लोराइड नॉर्मल सलाईनमध्ये मिसळून मांडीच्या मोठ्या शिरेतून देण्यात आले. मानेच्या शिरेतून घातलेली तार हृदयापर्यंत पोहोचून आधीच चिडलेल्या स्नायूला छेडू शकते, म्हणून मांडीची जागा निवडली. ईसीजीच्या सततच्या देखरेखीखाली पहिले चार तास ताशी २० मिलीमोल आणि त्यानंतर ताशी १० मिलीमोल असा वेग ठेवला. गिळणे सुरक्षित असल्याची खात्री करून तोंडावाटेही पोटॅशियम क्लोराइडचे सिरप सुरू केले. पोटॅशियम सायट्रेट मुद्दाम टाळले, कारण यकृतात त्याचे बायकार्बोनेट होते आणि त्या रात्री तेच नको होते. मॅग्नेशियम कमी असेल तर दिलेले पोटॅशियम टिकत नाही, म्हणून तेही तपासले. ते प्राकृत होते.

चार तासांनी पोटॅशियम २.१ झाले आणि कार्बन डायऑक्साइड ३१ वर आला. दहाव्या तासाला पोटॅशियम २.६, कार्बन डायऑक्साइड २७ आणि पीएच ७.२३ होता. या दहा तासांत बायकार्बोनेटचा एक थेंबही दिलेला नव्हता आणि रक्तातील त्याची पातळी ११ वरच होती. पीएच सुधारला तो केवळ श्वासाच्या स्नायूंत ताकद परतल्यामुळे. हे आकडे पुढे विभागातील प्रत्येक तुकडीला दाखवले जातात.

सोळाव्या तासाला पोटॅशियम ३.१ झाल्यावर अल्कली, म्हणजे बायकार्बोनेट भरून काढणारी औषधे, सुरू केली. दिवसाला दर किलोला सुमारे २ मिलीमोल या हिशेबाने पोटॅशियम सायट्रेटच्या सिरपमधून ६० मिलीमोल आणि सोडियम बायकार्बोनेटच्या ५०० मिलिग्रॅमच्या पाच गोळ्यांमधून सुमारे ३० मिलीमोल मिळेल अशी मात्रा ठरली. सातव्या दिवशी रक्तातील बायकार्बोनेट २२ वर आले, आणि त्या पातळीवर गाळलेल्यापैकी ५ टक्क्यांहून कमी बायकार्बोनेट लघवीत जात होते. समीपस्थ दोषात हे प्रमाण १५ टक्क्यांच्या वर जाते आणि दर किलोला १० ते १५ मिलीमोल अल्कली देऊनही पातळी सांभाळताना दमछाक होते. इतक्या थोड्या मात्रेने समतोल साधणे हाच दूरस्थ दोषाचा आणखी एक पुरावा ठरला. अमोनियम क्लोराइड पाजून लघवी आम्ल होते का पाहण्याची चाचणी केली नाही. रक्त स्वतःच इतके आम्ल असताना ती अनावश्यक आणि धोक्याची होती.

अश्रू मोजणाऱ्या शर्मर चाचणीत पाच मिनिटांत एका डोळ्यात ३ आणि दुसऱ्यात २ मिलिमीटर कागद भिजला. शोग्रेनमध्ये आढळणाऱ्या अँटी-रो आणि अँटी-ला या दोन्ही प्रतिपिंडांच्या चाचण्या होकारार्थी आल्या, ओठाच्या बायोप्सीत लिम्फोसाइट पेशींचे पुंजके दिसले. मूत्रपिंडाची बायोप्सी करावी का, यावर एकमत नव्हते. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन स्थिर होते, लघवीत प्रथिने जवळजवळ नव्हती आणि गाभ्यात कॅल्शियम साठलेले होते. शिवाय बायोप्सीच्या निकालाने तत्काळ उपचार बदलण्याची शक्यता कमी होती. ती पुढे ढकलण्यात आली. संधिवाततज्ज्ञांनी या स्वयंप्रतिकार आजारासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हे औषध सुरू केले; स्टेरॉइडचा निर्णय क्रिएटिनिन वाढल्यासच घ्यायचा असे ठरले. कॅल्शियमच्या गोळ्या थांबवल्या आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता बायकार्बोनेट सुधारल्यानंतरच, बेताच्या मात्रेने भरून काढली. आम्लता तशीच ठेवून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देत राहणे म्हणजे लघवीत आणखी कॅल्शियम उतरवणे होते.

निष्पत्ती

तिसऱ्या दिवशी ती आधाराशिवाय उभी राहिली आणि नवव्या दिवशी घरी गेली. पहिल्या सहा महिन्यांत हाडदुखी बरीच कमी झाली, हाडांच्या आजारात वाढणारे अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर उतरले. सातव्या महिन्यात नात्यातील एका लग्नासाठी ती दोन आठवडे परगावी राहिली, तेव्हा सिरपच्या जड बाटल्या सोबत नेल्या नाहीत. परत आली ती मांड्या जड झाल्याची तक्रार घेऊन, पोटॅशियम २.७ आणि बायकार्बोनेट १५ होते. तोंडावाटे औषधे पुन्हा सुरू करून ते सावरले. त्यानंतर प्रवासापुरत्या केवळ सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या चालतील का, असे तिच्या नवऱ्याने विचारले. त्या स्वस्त आणि हलक्या आहेत हे खरे, परंतु केवळ सोडियम दिल्यास संग्राहक नलिकेत जास्त सोडियम पोहोचून पोटॅशियमची गळती वाढू शकते आणि लघवीतील कॅल्शियमही वाढते. म्हणून प्रवासासाठी पोटॅशियम सायट्रेटच्या गोळ्या लिहून दिल्या आणि त्या तालुक्याच्या औषध दुकानात मिळतील याची व्यवस्था केली.

एका वर्षाने पोटॅशियम ४.१, बायकार्बोनेट २३ आणि क्रिएटिनिन १.० होते. नवा खडा झालेला नव्हता. गाभ्यातील जुने कॅल्शियम सोनोग्राफीत तसेच होते आणि ते जाईल अशी अपेक्षाही तिला दिलेली नव्हती. उद्दिष्ट होते ते वाढू न देण्याचे.

निर्णयबिंदू आणि वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी संधी कॅज्युअल्टीत येण्याच्या पाच वर्षे आधी होती. पहिल्या मुतखड्याच्या वेळच्या साध्या लघवी तपासणीत पीएच ७ नोंदलेला होता आणि तो कागद पिशवीत सर्वांत खाली होता. एकट्या ७ या आकड्यावरून काही सिद्ध होत नाही, कारण शाकाहारी जेवणानंतर निरोगी माणसाची लघवीही तशी असू शकते. पण पुढच्या दोन्ही लुळेपणाच्या वेळी केवळ सोडियम आणि पोटॅशियम तपासले गेले होते. छोट्या प्रयोगशाळांत आणि घाईच्या वॉर्डांत हीच सवय आहे. क्लोराइड मागवले असते तर ते वाढलेले दिसले असते, आणि ‘सोडियम आणि क्लोराइडमधील अंतर इतके कमी का?’ हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला असता. पोटॅशियम कमी असलेल्या प्रत्येक रुग्णाचे क्लोराइड, बायकार्बोनेट आणि लघवीचा पीएच एकदा तरी पाहावा. याला खर्च फार नाही आणि चुकलेल्या निदानाची किंमत वर्षानुवर्षे चुकवावी लागते. काढलेल्या खड्याचे पृथक्करणही झाले नव्हते. कॅल्शियम फॉस्फेटचा खडा सापडला असता तर तोही इशारा ठरला असता.

अल्कली पोटॅशियम ३.१ ला सुरू केली, याऐवजी २.६ ला तोंडावाटे थोडी सुरू केली असती तर चालले असते का, यावर विभागात आजही दोन मते आहेत. ज्यांना ते चालले असते असे वाटते त्यांचे म्हणणे असे की दहाव्या तासाला श्वास सुधारलेला होता आणि तोंडावाटे दिलेली अल्कली हळू काम करते. माझे मत थांबण्याच्या बाजूचे आहे: बायकार्बोनेट ११ वर ती अनेक आठवडे जगत होती, आणखी सहा तासांनी त्यात काही बिघडणार नव्हते.

मांडीतील शिरेची निवडही वादातीत नाही. तिथे जंतुसंसर्गाचा आणि गुठळीचा धोका अधिक असतो, म्हणून पोटॅशियम ३ च्या वर जाताच ती नळी काढून टाकणे हा त्या निवडीचाच भाग मानायला हवा. येथे ती दुसऱ्या दिवशी दुपारी काढली.

एका गोष्टीवर अधिक लवकर बोलणे गरजेचे होते. अँटी-रो प्रतिपिंडे वारेतून गर्भात जाऊन बाळाच्या हृदयातील विद्युत्वहन रोखू शकतात. तिला दोन मुले होती आणि आणखी मूल नको असे कुटुंबाने सांगितले होते, म्हणून हा विषय डिस्चार्जच्या वेळी ओझरता निघाला. नीट बोलणे झाले ते तिसऱ्या भेटीत, स्त्रीरोगतज्ज्ञांसोबत. चौतीस वर्षांच्या स्त्रीच्या बाबतीत प्रतिपिंडांचा अहवाल हातात आला त्याच दिवशी, नवरा नसताना तिच्याशी स्वतंत्रपणे, हे बोलणे व्हायला हवे. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन चालू असल्याने डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही नोंदवून ठेवली आहे.

तिला घरी पाठवताना एक छोटे मराठी कार्ड लॅमिनेट करून दिले. त्यावर आजाराचे नाव, रोजच्या मात्रा आणि तीन सूचना आहेत: हातपाय जड वाटल्यास आधी पोटॅशियम तपासावे, ग्लुकोज असलेले सलाईन लावू नये, आणि पोटॅशियम ३ च्या वर गेल्याशिवाय बायकार्बोनेटचे इंजेक्शन देऊ नये. नात्यातल्या लग्नाहून परतताना मांड्या जड झाल्या तेव्हा ती तेच कार्ड घेऊन आधी तालुक्याच्या त्याच दवाखान्यात गेली होती. तिथल्या डॉक्टरांनी सलाईन न लावता रक्त तपासायला पाठवले आणि अहवाल येताच फोन केला.